रविवारचं पाणी

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी मला विचारलं, दादाच्या नाकातून पाणी केव्हापासून येतंय. मी सांगितलं, आज सकाळपासून. पाणी रविवारपासून येत होतं.

त्यानंतर बाराव्या दिवशी दादा गेला.

वरची वाक्यं मी वहीत तीनदा लिहून खोडली. एकदा 'मला त्या वेळी नीट आठवलं नाही' असं लिहिलं होतं. तेही खोडलं, कारण मला नीट आठवत होतं.

दादा माझा थोरला भाऊ. आमच्यात अकरा वर्षांचं अंतर. धुळे जिल्ह्यातल्या गावाहून तो आधी सुरतेला आला, पांडेसऱ्यातल्या एका कापडाच्या मिलमध्ये लागला आणि दोन वर्षांनी मला घेऊन आला. मराठी शाळेत त्यानंच घातलं. पुढे मी डी.एड. होऊन तशाच एका शाळेत मास्तर झालो, ते त्याच्यामुळे. नोकरी लागल्यावर मी बमरोलीत घर घेतलं, तो पांडेसऱ्यातच राहिला. पायी वीस मिनिटांचं अंतर. मी शिकलो तशी माझी बोली बदलली. तो माझ्याशी शेवटपर्यंत अहिराणीतच बोलला आणि मी त्याला पुस्तकी मराठीत उत्तरं देत राहिलो.

मिलमध्ये तो स्टेंटरवर होता. रंगवून धुतलेलं ओलं कापड त्या लांबलचक यंत्रातून ताणून, वाळवून, खळ लावून बाहेर पडतं. बाहेर येणाऱ्या गरम कापडावर दादा अंगठा आणि तर्जनी फिरवायचा आणि खळ कमी पडली की जास्त ते सांगायचा. शेजारच्या मिलवालेही कधी कधी त्याला बोलावून नेत. मी काही वाचत बसलेला दिसलो की म्हणायचा, "तुले पुस्तक समजस, माले कपडा. चाल, दोन्हीसनं घर चालस."

त्याचं डावं नाक वर्षभर बंद होतं. त्या खात्यात सगळ्यांचीच नाकं बंद असतात आणि रुमाल रंगीत असतात, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. तो नाकात थेंब घालायचा. मग अधूनमधून रक्त येऊ लागलं. एके दिवशी यंत्रात कापड अडकून जळायला लागलं. वास खातंभर पसरला, आणि सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या दादाला तो आलाच नाही. त्या दिवशी तो घाबरला. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं आणि तुकडा तपासायला पाठवला.

कॅन्सर होता. नाकाच्या वरच्या पोकळीत सुरू होऊन तो आणखी वर सरकला होता. नाक आणि मेंदू यांच्यामध्ये एक पातळ, जाळीसारखं हाड असतं. गाठ ते हाड ओलांडून मेंदूच्या आवरणाला लागली होती. मोठ्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून हिंदीत समजावलं. नाकाचे सर्जन आणि मेंदूचे सर्जन मिळून ऑपरेशन करणार, कवटी न उघडता नाकातूनच वर जाणार. गाठीसोबत ते हाड आणि आवरणाचा तेवढा तुकडाही काढावा लागणार. मग मांडीतून पातळ पडदा घेऊन ते भोक बुजवणार. काही आठवड्यांनी शेक, म्हणजे रेडिएशन. वास कायमचा जाणार, हेही त्यांनी सांगितलं.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो. फोनवर वाचलं. वैद्यकीय विद्यार्थ्यांची जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडून शरीररचनेचा एक जाड ग्रंथ आणला. कवटीच्या तळाचं चित्र मला न बघता काढता येऊ लागलं. नातेवाइकांचे फोन मलाच येत. वहिनी प्रत्येकाला सांगायची, "भाऊले इचारा, त्यास्ले सगळं माहीत शे." मला ते आवडत होतं. भाऊ आजारी असताना मला काही आवडत होतं, हेही आता लिहितो आहे.

सकाळी आठला त्याला आत नेलं, संध्याकाळी सहाला डॉक्टरबाई बाहेर आल्या. गाठ पूर्ण निघाली होती. कडांचे तुकडे तपासून झाले, त्यांत काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी दादा नाकात बोळे असताना तोंडानं श्वास घेत मला म्हणाला, "नाकनं आपरेशन अन टाका मांडीले. मास्तर, डाक्टर रस्ता चुकना का काय?" वहिनी हसली आणि मग रडली.

घरी सोडताना इंग्रजीत एक कागद दिला. मी त्याचं मराठी करून मोठ्या अक्षरात दादाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं. नाक शिंकरू नये. शिंक आली तर तोंड उघडं ठेवावं. वाकू नये, जड उचलू नये, शौचाला जोर करू नये. उशी उंच असावी. पाचवी सूचना मी लाल शाईनं लिहिली: नाकातून पाण्यासारखं काही गळलं, विशेषतः मान पुढे झुकवल्यावर, तर ताबडतोब कळवावं, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. त्यापुढे 'वेळ-काळ पाहू नये' हे शब्द मी माझ्या मनानं जोडले होते. मूळ कागदात ते नव्हते.

पहिल्या पंधरा दिवसांत मी तीनदा रुग्णालयात फोन केला. एकदा नाकातून रक्ताची खपली आली म्हणून. एकदा त्याला तोंड मिटून शिंक आली म्हणून. एकदा दोन दिवस पोट साफ झालं नाही म्हणून, आणि त्या वेळी जोर केल्यानं डोक्यातला दाब वाढतो का, असंही मी विचारलं. फोनवर नेहमी एक तरुण डॉक्टर असे. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मास्तरजी, पेशंट आप हैं या आपके भाई?" मागे कुणीतरी हसलं. मग गुजरातीत, प्रेमानंच, "तमे बहु वांचो छो. थोडुं ओछुं वांचो." वाचणं जरा कमी करा, म्हणे. मीही हसलो. फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. पंचवीस वर्षं मी वर्गात उभा राहतो. माझ्यावर कुणी असं हसलं नव्हतं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे, दादाच्या घरी, कानबाई बसते. खानदेशातली घरं सुरतेत आली तशी ती बरोबर आली. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून तिला चौरंगावर बसवतात, आणि रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. दादाच्या नावाची मूठ या वर्षी वहिनीनं मला काढायला लावली. गावाहून मामा-मामी, आतेभाऊ, त्यांची मुलं असे पंधरा-सोळा जण आले होते. दादाला पाहायचं होतंच, देवीही होती.

दुपारी आरतीच्या आधी सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. मामांनी विचारलं, "मास्तर, नाकातनं मेंदूपर्यंत जातात तरी कसं?" मी वहीचा कागद फाडला आणि चित्र काढलं. ही भुवई, हे नाकाचं छप्पर, इथं गाठ होती, इथून दुर्बीण गेली, इथं मांडीचा पडदा बसवला. सगळे वाकून पाहत होते. मामा म्हणाले, "पण तो पडदा सुटला तर?" मी म्हणालो, "आता नाही सुटत. तीन आठवडे होऊन गेले. पक्का बसलाय."

दादा देवीसमोर खुर्चीत बसला होता. आरती झाली. त्याला वाकायची मनाई होती म्हणून पुतणीनं, म्हणजे त्याच्या मुलीनं, तबक त्याच्यापुढे धरलं आणि ते घेऊन ती आत गेली. त्यानं हात जोडले आणि मान खाली घातली. फक्त मान. त्याच्या पांढऱ्या पायजम्यावर दोन थेंब पडले, मग तिसरा. रंग नव्हता. कापडावर गोल ओले डाग झाले.

त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मीही पाहत होतो. माझ्या हातात ते चित्र होतं.

मामी म्हणाल्या, "का हो, नाक गळतं का?"

मी म्हणालो, "हवा ओली आहे. सगळ्या सुरतेला सर्दी झाली आहे."

आतेभाऊ म्हणाला, "सुरतमा ऱ्हाईसन तुमनं नाक बी गुजराती व्हयी गयं. पानीदार." सगळे हसले. दादाही हसला. त्यानं खिशातून रुमाल काढून नाक टिपलं. शिंकरलं नाही, नुसतं टिपलं. माझ्या भिंतीवरचे नियम तो पाळत होता.

पाव्हणे जेवत असताना वहिनीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "भाऊ, डाक्टरले फोन करा ना." तिनंही थेंब पाहिले होते. मी म्हणालो, "आज रविवार आहे. सर्दीच असेल. सकाळपर्यंत पाहू." भिंतीवरचा कागद तिच्या मागेच होता. तिला मराठी वाचता येतं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मला संकोचात टाकू नये म्हणून पाहिलं नाही, असं मला आता वाटतं.

मी फोन का केला नाही? त्या तरुण डॉक्टरचं हसणं डोक्यात होतं, हे खरं. पण तेवढंच सांगितलं तर मी स्वतःला फार सहज माफ केल्यासारखं होईल. पंधरा माणसांना 'पक्का बसलाय' असं सांगून तासही झाला नव्हता. फोन करायचा तर त्यांच्यासमोर करावा लागला असता, आणि रिक्षा बोलवावी लागली असती.

सोमवारी सकाळी कानबाईला तापीवर नेलं. मीही टेम्पोतून गेलो, पुतणीही होती. दुपारी परतलो तेव्हा दादा खिडकीशी खुर्चीत एकटा बसला होता. खिडकीच्या दोरीवर त्याचे तीन रुमाल वाळत होते, न धुता. त्यानं वहिनीला ते धुऊ दिले नव्हते.

"मास्तर, आठे ये," तो म्हणाला. एक रुमाल काढून त्यानं अंगठा आणि तर्जनीत धरला आणि घासला, मिलमध्ये घासायचा तसा. "हाऊ देख. रातले भिजेल व्हता. वाळना, पन कडक व्हयना नही."

"बरं मग?"

"सर्दीना रुमाल वाळना का कडक व्हस. खळ लायेल कपडासारखा. हाऊ मऊ शे. यामा काहीच नही. हाई निस्तं पानी शे."

त्यानं रुमाल माझ्या हातात दिला. मी चोळल्यासारखं केलं. मला काही कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मी वर्गात वापरतो त्या आवाजात म्हणालो, "दादा, कापड वेगळं आणि शरीर वेगळं. मी एवढं वाचलंय, रुमालाचं कुठं नाही वाचलं. ते पाणी असलं तर खारट लागतं. तुला खारट लागतंय का?"

"माले सगळंच फिकं लागस."

"मग सर्दीच आहे."

त्यानं रुमाल माझ्याकडून परत घेतला. मग त्यानं त्याची नीट घडी केली. "तू म्हनस तं तसंच व्हई," तो म्हणाला.

तो हे चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो मनापासून म्हणाला. त्यानंच मला शिकवलं होतं, आणि शिकलेल्या माणसाचं ऐकायचं असतं, असा त्याचा विश्वास होता. यंत्रासमोर मालकाशीही वाद घालणारा माणूस माझ्यापुढे गप्प बसला.

सोमवारी फोन न करण्याचं कारण रविवारपेक्षा वेगळं होतं. आता फोन केला तर ते विचारणार, केव्हापासून? मग रविवार सांगावा लागला असता. मंगळवारी मी जे बोललो ते सोमवारी दुपारीच माझ्यात तयार होतं.

मंगळवारी सकाळी सहाला पुतणीचा फोन आला. पप्पांना ताप आहे, डोकं खूप दुखतंय, लाईट लावू देत नाहीत. मी धावत गेलो. त्याची मान वाकत नव्हती. मी लगेच रुग्णालयात फोन केला, रिक्षा आणली, मागच्या सीटवर त्याला धरून बसलो. तासाभरात आम्ही पोचलो होतो.

डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं. नाकातून येणारं पाणी बारीक नळीत घेतलं. मग मला विचारलं, "कब से आ रहा है ये पानी?"

"आज सुबह से."

तो तरुण डॉक्टर लिहून घेत होता. त्यानं तसंच लिहिलं. पुतणी औषधं आणायला गेली होती. वहिनी दादाच्या पायांशी उभी होती, तिचे हात त्याच्या पावलांवर होते. तिनं मान वर केली नाही. दादाचे डोळे मिटलेले होते. तो तेव्हा थोडा थोडा शुद्धीवर होता. हाक मारली की हुंकार द्यायचा. मी काय म्हणालो ते त्यानं ऐकलं का, हे मला कधी कळणार नाही.

मेंदूच्या आवरणापर्यंत जंतू पोचले होते. दुसरं ऑपरेशन करून त्यांनी तो पडदा पुन्हा बसवला. एका कोपऱ्यात तो सुटला होता. औषधं बदलली. मग श्वासाचं यंत्र लावलं. मी रोज शाळा सुटल्यावर काचेबाहेर उभा राहायचो. बाराव्या दिवशी दुपारी तो गेला. तपासात कॅन्सर कुठंच उरलेला नव्हता.

दिवस केले, गावची माणसं येऊन गेली. वहिनी कुणाशी फारसं बोलत नव्हती, त्यामुळे आल्यागेल्याला सगळं पुतणी सांगायची. ती कॉलेजला आहे, नीट सांगते. "काकांना सहाला फोन केला, सातला आम्ही हॉस्पिटलात होतो. काकांनी एक मिनिट घालवलं नाही." ऐकणारे माझ्याकडे पाहून मान हलवायचे. एक म्हातारे गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, भाऊ असावा तर असा. मी चहाचे कप उचलून आत गेलो.

दिवाळीनंतर मिलकडून दादाचे पैसे मिळायला रुग्णालयाचा अखेरचा कागद लागला. तो वहिनीनं माझ्यापुढे ठेवला. पुतणी घरी नव्हती. "वाचा भाऊ," वहिनी म्हणाली. मी एकेक ओळ इंग्रजीत पाहून मराठीत सांगत गेलो. गाठ कुठं होती, पहिलं ऑपरेशन, घरी सोडल्याचा दिवस, पुन्हा दाखल केल्याचा दिवस. मग मी ताप आणि मान यावर आलो.

"मझार एक ओळ सोडी दिनी तुम्ही," ती म्हणाली.

तिला इंग्रजी येत नाही.

"कागदमा 'सकायपासून' अशेच लिखेल शे ना?"

"हो."

"पोरगीनी वाची दाखाडं माले. तुम्ही वाचतस का, ते देखानं व्हतं."

मी कागद खाली ठेवला. मी म्हणालो, "वहिनी, मी चुकलो." हे शब्द इतके लहान निघाले की मलाच ऐकवेनात. ती उठून भिंतीवरचा माझा कागद काढायला लागली. तो अजून तिथंच होता. नखानं चिकटपट्टी सोडवत ती म्हणाली, "मी बी तठेच व्हती. मना तोंडमातून बी शबद निंघना नही." मग माझ्याकडे न बघता, "मी त्यास्नी बायको. तुमनी लाज राखी मी. त्यास्ना जीव राखाना व्हता."

तोवर मी फक्त माझी लाज धरून बसलो होतो. ती माझ्यासाठी गप्प राहिली आणि तिला त्याचं ओझं झालं, हे मला त्या दिवशी कळलं. तिनं मला माफ केलं असं नाही. तिनं मला निघून जा असंही म्हटलं नाही. चहा केला, आम्ही प्यायलो.

पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरबाईंना भेटायला गेलो. बाहेरच्या बाकावर दोन तास बसलो. आत गेल्यावर उभ्यानंच सांगितलं, पाणी रविवारी दुपारपासून येत होतं, मी खोटं बोललो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, रुमालाचंही. तिथं त्यांनी मला थांबवलं.

"उन्होंने ख़ुद कहा था? सूखकर कड़क नहीं हुआ?"

"हो."

त्या म्हणाल्या, आम्हीही पेशंटला हेच विचारतो. शेंबूड वाळला की कापड ताठ होतं, मेंदूभोवतीचं पाणी वाळलं की होत नाही. जुनी खूण आहे, नक्की तपासणी नंतर करतो, पण संशय यायला तेवढं पुरतं. तुमच्या भावानं बरोबर ओळखलं होतं.

मी विचारलं, दोन दिवस आधी आलो असतो तर?

त्या म्हणाल्या, वाचलेच असते असं मी सांगू शकत नाही. पण रविवारी आला असतात तर रविवारीच औषध सुरू केलं असतं. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दारापर्यंत गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, तुम्ही फोन करत होतात ते बरोबर करत होतात. आमच्याकडून कुणी काही बोललं असेल तर ते चूक होतं.

मी मान हलवली. त्या तरुण डॉक्टरचं नाव मी सांगितलं नाही. तो जे बोलला ते त्याचं. रविवारी फोन माझ्या खिशात होता.

आता वहिनीला माहीत आहे आणि डॉक्टरांना माहीत आहे. पुतणीला माहीत नाही. ती अजून लोकांना सांगते की काकांनी एक मिनिट घालवलं नाही. तिला मी अजून सांगितलेलं नाही.